शिष्याने गुरू बदलावा का?

खेळाडूने प्रशिक्षक बदलला की त्या निर्णयाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी कराराची. ठरलेली मुदत, ठरलेले मानधन, ठरलेले काम. मुदत संपली किंवा काम जमेना, की दोघेही मोकळे. दुसरी दृष्टी गुरुशिष्य-नात्याची. तिथे मुदत नसते. सोडून जाणाऱ्यावर कृतघ्नतेचा ठपका येतो आणि मागे राहिलेल्याला आपल्या आयुष्याची कमाई कोणीतरी उचलून नेली असे वाटते. भारतातल्या मैदानांवर या दोन्ही दृष्टी एकाच वेळी नांदतात. केंद्र सरकारने १९८५ मध्ये प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला तेव्हा त्याला द्रोणाचार्यांचे नाव दिले. पहिल्या वर्षी तो कुस्तीसाठी भालचंद्र भागवत, मुष्टियुद्धासाठी ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नांबियार यांना मिळाला. पगार घेऊन केलेल्या कामाचा गौरव अशा रीतीने गुरुपदाच्या नावाने होतो, आणि म्हणून प्रशिक्षक-बदलाचा प्रश्न निव्वळ व्यवहाराचा उरत नाही. मिळालेल्या विद्येपोटी शिष्य काय देणे लागतो, किती काळ, आणि ते देणे कसे फिटते, हे त्यात विचारले जाते. संस्था प्रशिक्षकाला काढते किंवा प्रशिक्षकच शिष्यांना सोडून नव्या कामाला लागतो, तेव्हाही प्रश्न तोच राहतो. फक्त देणेकरी बदलतो.

गुरू एकच आणि तो आमरण, अशी लोकांची समजूत आहे. मूळ परंपरा तितकी सोपी नाही. वैदिक विद्यार्थिदशेचा शेवटच समावर्तन या संस्काराने होत असे. अध्ययन पुरे झाल्यावर शिष्य विधिपूर्वक स्नान करी, गुरूला दक्षिणा देई आणि त्याचा निरोप घेऊन घरी परते. शिष्याचे जाणे हा या व्यवस्थेत अपघात नव्हता. ते गृहीत धरलेले होते आणि त्याला एक रीत होती. अडचण येई ती अध्ययन अर्धवट असताना, किंवा गुरूची मर्जी नसताना निघणाऱ्याची.

अशा निघण्याची सर्वांत तीव्र कथा याज्ञवल्क्याची आहे. विष्णुपुराण ती सविस्तर सांगते. वैशंपायनांच्या हातून बहिणीच्या मुलाचा मृत्यू घडला, तेव्हा त्यांनी आपल्यासाठी प्रायश्चित्त करण्याची आज्ञा सर्व शिष्यांना केली. याज्ञवल्क्य म्हणाला की या निस्तेज ब्राह्मणांना कशाला कष्ट द्यायचे, मी एकटाच ते व्रत करतो. सहाध्यायांचा हा अपमान वैशंपायनांना सहन झाला नाही. असा शिष्य नको, शिकलेले सारे परत कर, असे त्यांनी सुनावले. याज्ञवल्क्याने यजुर्वेद ओकून टाकला, इतर शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांची रूपे घेऊन तो वेचला, आणि याज्ञवल्क्याने सूर्याची आराधना करून नवी यजुःसंहिता मिळवली. कृष्ण आणि शुक्ल यजुर्वेद या दोन परंपरांची ही उत्पत्तिकथा. महाराष्ट्रात कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेची आपस्तंब व हिरण्यकेशी घराणी आहेत, तशीच शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिनही आहेत. दोन्ही संहिता टिकल्या, दोन्हींना वेद म्हणूनच मान मिळाला.

या कथेत दोष दोघांकडे आहे, आणि परंपरेने तो झाकलेला नाही. याज्ञवल्क्याचा दोष गुरू सोडण्याचा नव्हे. सोबत्यांना तुच्छ लेखण्याचा आहे. वैशंपायनांचा दोष अधिक खोल आहे. दिलेली विद्या परत मागता येते असे त्यांनी मानले. पुराणकथेत ती ओकता येते. प्रत्यक्षात तलवारबाजाला पवित्रा किंवा फलंदाजाला पायांची हालचाल परत करता येत नाही, कारण शिकलेले कौशल्य शरीरातच मुरते. म्हणून ‘मी घडवलेला खेळाडू माझा’ या दाव्याला आधार उरत नाही. घडवणे खरे असते, मालकी नसते.

गौतम बुद्धाचे उदाहरण याच्या अगदी उलट शांततेचे आहे. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तो आपल्या दोन गुरूंविषयी सांगतो. आळार कालामाने शिकवलेली समाधीची पायरी त्याने लवकरच आत्मसात केली, तेव्हा आळाराने त्याला बरोबरीचा मानून, आपण दोघे मिळून हा शिष्यगण सांभाळू, असे सुचवले. उद्दक रामपुत्ताने तर सारा गण त्याच्या हाती सोपवायची तयारी दाखवली. दोन्ही प्रस्ताव सन्मानाचे होते. आपल्याला जे शोधायचे आहे ते या शिकवणीत नाही, एवढ्याच कारणाने बुद्ध तिथून निघाला. त्याने गुरूंना खोटे ठरवले नाही. पुढे बोधी झाल्यावर पहिला उपदेश कोणाला करावा हा विचार आला, तेव्हा त्याला आधी आळार आठवला आणि मग उद्दक; दोघेही तोवर मरण पावले होते. सोडून जाणे आणि ऋण मानणे या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी, कोणतीही ओढाताण न होता राहू शकतात याचा यापेक्षा स्वच्छ दाखला मिळणे कठीण आहे.

महाराष्ट्राला जवळच्या दत्त संप्रदायात हा ताण आणखी ठळक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, अजगर, मधमाशी, पिंगला वेश्या, बाण घडवण्यात गढून गेलेला कारागीर हे त्यांतले काही. प्रत्येकाकडून एक गोष्ट घ्यायची आणि पुढे जायचे. हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय असे संप्रदाय मानतो. त्याच संप्रदायात ‘गुरुचरित्र’ हा पूज्य ग्रंथ आहे, आणि त्यात गुरूवरच्या अढळ निष्ठेच्या कसोट्या पानोपानी आहेत. नरसोबाच्या वाडीला जाणारा भाविक दोन्ही शिकवणी मनात बाळगतो आणि त्याला त्यांत विरोध दिसत नाही, कारण परंपरेने गुरूचे दोन प्रकार मानले आहेत. दीक्षागुरू माणसाचे अवघे जीवन वळवतो. तिथे निष्ठा अविभाज्य मानली आहे. शिक्षागुरू एखादी विद्या देतो. असे गुरू अनेक असू शकतात. खेळातला प्रशिक्षक बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो, पण त्याच्याकडून आणि त्याच्याविषयी अपेक्षा पहिल्या प्रकारच्या केल्या जातात. बहुतेक कडवट ताटातुटींचे मूळ या गल्लतीत आहे.

तरीही एका गुरूपाशी टिकून राहण्याचे मोल परंपरेने कमी लेखलेले नाही. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल गौतम ऋषींच्या कृश गाई घेऊन रानात गेला. त्यांची संख्या एक हजार होईपर्यंत तो तिथेच राहिला, आणि परतीच्या वाटेवर त्याला बैल, अग्नी, हंस आणि मद्गू पक्षी यांनी ब्रह्मविद्येचा एकेक पाद शिकवला. घरी आल्यावर त्याचे तेज पाहून त्याला ब्रह्मविद्या मिळाल्याचे गौतमांनी ओळखले. सत्यकामाने सारे सांगितले आणि तरीही म्हटले की मला आपणच शिकवावे. मग गौतमांनी तीच विद्या, काहीही न गाळता, पुन्हा शिकवली. तुकड्यातुकड्याने मिळालेले ज्ञान एका जागी जुळवून देणारा, शिष्याचा सारा प्रवास ठाऊक असलेला माणूस लागतो, असा या कथेचा आशय दिसतो. आजच्या खेळाडूभोवती तंदुरुस्तीचा तज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, व्हिडिओ पाहून विश्लेषण करणारा असा मोठा ताफा असतो. त्या साऱ्यांचे म्हणणे एका सूत्रात ओवणारा गौतम नसेल तर चोवीस गुरूंचाही उपयोग होत नाही.

क्रीडाक्षेत्रातली प्रत्यक्ष उदाहरणे या विचाराला पुष्टी देतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीतल्या कुस्तीत वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी त्यांना अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनी मॅटवरच्या कुस्तीचे डावपेच शिकवले. लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. वस्तादाने मातीत दिलेले अंग आणि परदेशी गुरूने मॅटवर दिलेले नियमांचे भान, दोन्ही त्यात आहे. हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. त्यांनी खाशाबांना एकही डाव शिकवला नव्हता. तरी गुरुऋणाचा हिशेब मांडायचा तर त्यांचे नाव वगळता येणार नाही.

भालाफेकपटू नीरज चोप्राची वाटचाल म्हणजे शिक्षागुरूंची मालिका आहे. पानिपतच्या मैदानावर जयवीर चौधरींनी त्याच्या हाती भाला दिला. पुढे गॅरी कॅल्व्हर्ट, १९८४ मध्ये १०४.८० मीटर भाला फेकलेले उवे होन, आणि २०१९ पासून जैवयांत्रिकीचे जाणकार क्लाउस बार्टोनिएट्झ त्याला लाभले. बार्टोनिएट्झ यांच्या काळात त्याने टोकियोत सुवर्ण आणि पॅरिसमध्ये रौप्य जिंकले. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये विश्वविक्रमवीर यान झेलेझ्नी त्याचे प्रशिक्षक होणार असल्याचे जाहीर झाले आणि मे २०२५ मध्ये दोहा इथे नीरजचा भाला प्रथमच नव्वद मीटरच्या पलीकडे, ९०.२३ मीटरवर पडला. ही फेक कोणाची? शेवटच्या काही महिन्यांच्या गुरूची म्हणावी तर आधीच्या दहा-बारा वर्षांवर अन्याय होतो, आणि आधीच्या गुरूंची म्हणावी तर नव्याने केलेली दुरुस्ती नाकारली जाते. श्रेयाचे असे तुकडे पाडताच येत नाहीत.

ताटातूट दुखरी होते ती एकाच गुरूकडे दोन तुल्यबळ शिष्य असतात तेव्हा. द्रोणांची गोष्ट इथेच येते. अर्जुनाहून श्रेष्ठ धनुर्धर कोणाला होऊ देणार नाही, या शब्दाला जागण्यासाठी त्यांनी, ज्याला कधी शिकवलेच नव्हते त्या एकलव्याचा अंगठा मागितला. एका शिष्याला दिलेले वचन दुसऱ्याच्या हातावर उठले. प्रशिक्षकांचा सर्वोच्च सन्मान या नावाने असावा हे विचार करायला लावणारे आहे; गुरुपदाचे वैभव आणि त्याचा सर्वांत मोठा अपराध एकाच नावात सामावले आहेत.

हैदराबादला पुल्लेला गोपीचंद यांनी घर गहाण ठेवून बॅडमिंटनची अकादमी उभी केली आणि २००८ मध्ये ती सुरू झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये साईना नेहवालला मिळालेले कांस्य हे त्या कष्टांचे फळ होते. २०१४ मध्ये साईना बेंगळुरूला प्रकाश पदुकोण अकादमीत विमलकुमार यांच्याकडे गेली. २०१५ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचली आणि जकार्तातल्या जागतिक स्पर्धेत तिने रौप्य जिंकले. सप्टेंबर २०१७ मध्ये ती पुन्हा गोपीचंद यांच्याकडे परतली. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीच्या अंतिम सामन्यात तिची गाठ पडली ती पी. व्ही. सिंधूशी, म्हणजे त्याच गुरूच्या दुसऱ्या शिष्येशी. तो सामना साईनाने जिंकला. तिच्या जाण्याचे दुःख गोपीचंद यांनी २०२० मध्ये आलेल्या एका पुस्तकात उघडपणे मांडले आहे. ते दुःख खोटे म्हणता येत नाही, आणि साईनाचा निर्णय चुकीचाही म्हणता येत नाही. नव्या ठिकाणी ती क्रमवारीत वर गेली एवढ्याने तो योग्य ठरत नाही. खेळाडूची कारकीर्द आखूड असते आणि तिचे अंतिम उत्तरदायित्व खेळाडूवरच असते, म्हणून तो योग्य ठरतो. पण या घटनाक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे परतीचे दार उघडे राहिले. वैशंपायनांच्या आश्रमात ते उघडे नव्हते.

शालेय खेळात प्रश्न वेगळा होतो, कारण तिथे शिष्य अजाण असतो. तो गुरू निवडत नाही. पालक आणि शाळा त्याच्यासाठी निवडतात. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या आयईएस न्यू इंग्लिश स्कूलमधून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात गेला तो प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या सल्ल्यावरून, क्रिकेटसाठी. शाळा बदलणे म्हणजे सोबती, शिक्षक आणि रोजची वाट बदलणे. त्या वेळी तो निर्णय फळला म्हणून आज त्याची थोरवी गायली जाते. तितक्याच उमेदीने शाळा बदललेली आणि पुढे नावारूपाला न आलेली मुले कितीतरी असतील. म्हणून अशा निर्णयाची कसोटी पुढच्या यशावर न लावता, खेळ सुटला तरी मुलाचे काही हरवणार नाही याची काळजी घेतली गेली का, यावर लावायला हवी.

अमेरिकेत शालेय खेळाला गावाच्या सार्वजनिक जीवनात मोठे स्थान आहे, आणि तिथे प्रशिक्षकाच्या अधिकाराचा प्रश्न थेट धर्माच्या अंगाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन इथल्या सरकारी हायस्कुलात जोसेफ केनेडी हे २००८ पासून फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक होते. सामना संपल्यावर ते मैदानाच्या मध्यरेषेवर गुडघे टेकून प्रार्थना करीत. हळूहळू मुलेही त्यांच्याभोवती जमू लागली. शाळा प्रशासनाने २०१५ मध्ये त्यांना हे थांबवण्यास सांगितले, पुढे सक्तीच्या रजेवर पाठवले, आणि त्यांची नोकरी संपली. २७ जून २०२२ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची प्रार्थना ही खासगी धर्माचरण मानली गेली. न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी विरोधी मतात मुलांवर पडणाऱ्या दडपणाकडे लक्ष वेधले. संघात कोणाला खेळवायचे हे ज्याच्या हाती आहे, तो गुडघे टेकतो तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला उभे राहणे सोपे नसते. केनेडी सप्टेंबर २०२३ मध्ये एका सामन्यापुरते परतले आणि लगेच त्यांनी राजीनामा दिला.

न्यायालयाचा निर्णय कायद्यापुरता अंतिम आहे. नीतीच्या अंगाने मात्र विरोधी मतातला मुद्दा अधिक वजनदार वाटतो. कौशल्य शिकवण्यासाठी मिळालेला अधिकार श्रद्धेच्या प्रांतात सांडला की शिक्षागुरू नकळत दीक्षागुरू होतो, आणि शिष्याने ती दीक्षा मागितलेली नसते. महाभारतानेही गुरूच्या अधिकाराला सीमा घातली आहे. उद्योगपर्वात अंबेच्या प्रसंगी परशुरामांनी भीष्मांना त्यांच्या व्रताविरुद्ध आज्ञा केली. गुरू गर्विष्ठ होऊन कर्तव्याकर्तव्य विसरला तर त्याचाही त्याग करता येतो, या जुन्या वचनाचा आधार घेऊन भीष्मांनी ती नाकारली आणि गुरूशी तेवीस दिवस युद्ध केले. आधी त्यांनी वंदन केले होते. खेळाच्या नावाखाली मुलांचा छळ करणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल गप्प राहणे ही गुरुभक्ती नव्हे, हे सांगायला इतका जुना आधार उपलब्ध आहे.

आता संस्थेने प्रशिक्षकाला काढून टाकण्याचा प्रश्न. व्यावसायिक खेळात ही रोजची गोष्ट झाली आहे. क्लाउदिओ रानिएरी यांनी २०१६ मध्ये लेस्टर सिटीला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकून दिली. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी त्या विजयाला पाच हजारास एक असा भाव दिला होता. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, संघ तळाकडे घसरल्यावर रानिएरींना काढले गेले. त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपिअर यांच्या हाताखाली संघाने लीगचे पहिले पाचही सामने जिंकले. बडतर्फी योग्यच होती, असा निष्कर्ष लोकांनी काढला. पण नेदरलँड्सच्या लीग फुटबॉलमधील १९८६ ते २००४ या काळातल्या आकडेवारीवर अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी केलेला अभ्यास वेगळे दाखवतो. प्रशिक्षक काढल्यावर संघ सावरतात हे खरे. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, ते संघही जवळजवळ तसेच सावरतात. खूप खाली गेलेली कामगिरी आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततेच. त्या परतीचे श्रेय नव्या माणसाला आणि घसरणीचा दोष जुन्याला दिला जातो.

यहुदी धर्मग्रंथातल्या लेवीय पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवशी सर्वांची पापे एका बकऱ्याच्या माथी ठेवून त्याला रानात सोडून देण्याचा विधी आहे. फ्रेंच विचारवंत रने जिरार यांनी अशा बळीच्या यंत्रणेवर आपले तत्त्वज्ञान उभे केले: समूहात साचलेला रोष एका माणसावर टाकला की समूहाला पुन्हा एकी सापडते, आणि ती एकीच त्या माणसाच्या दोषाचा पुरावा समजली जाते. प्रशिक्षकाच्या हकालपट्टीनंतर प्रेक्षकांना, मालकांना आणि खेळाडूंना जो हुरूप येतो त्याचे हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

न्यायाने हिशेब करायचा तर गीतेच्या अठराव्या अध्यायातली मांडणी अधिक उपयोगी पडते. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव. जो केवळ आत्म्यालाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असे गीता तिथेच बजावते. एखाद्या संघाच्या पराभवात मैदान, हवामान आणि मालकांची ऐपत हे अधिष्ठान. खेळाडू हे कर्ते. सराव, साहित्य, वैद्यक ही साधने. क्षणोक्षणीचे निर्णय ही चेष्टा. आणि नाणेफेक, दुखापत, पंचाचा निर्णय हे दैव. प्रशिक्षकाचा हात यांतल्या दोन-तीन गोष्टींना लागतो, सर्वांना नाही. याचा अर्थ प्रशिक्षकाला कधीच काढू नये असा होत नाही. तो सराव घेत नसेल, खेळाडूंना तोडून बोलत असेल, नवे शिकायला तयार नसेल, तर हे त्याच्या हातातले दोष आहेत आणि त्यांसाठी त्याला जाब विचारणे रास्त आहे. एका मोसमाच्या निकालावरून काढणे म्हणजे दैवाची शिक्षा माणसाला देणे होय. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले. पहिला चषक १९९० मध्ये आणि पहिले लीग विजेतेपद १९९२-९३ च्या मोसमात मिळाले. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी तेरा विजेतेपदे झाली. संयमाच्या बाजूने हे उदाहरण नेहमी दिले जाते, मात्र तेही फळावरूनच दिले जाते. १९९० चा चषक हुकला असता तरी त्या चार वर्षांत त्यांनी उभारलेले काम तेच राहिले असते, आणि न्याय्य मालकाने त्याच कामाकडे पाहायला हवे होते.

व्यावसायिक खेळात गुरू आणि शिष्य यांच्या बळाचा तोलही उलटला आहे. अनिल कुंबळे जून २०१६ मध्ये भारतीय क्रिकेट संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि वर्षभराने, चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी, त्यांनी पद सोडले. कर्णधाराला आपली कार्यशैली मान्य नसल्याचे मंडळाकडून कळले, असे त्यांनी निवेदनात स्पष्ट केले, आणि संघापुढे आरसा धरणे हे प्रशिक्षकाचे काम असल्याचेही नमूद केले. शिष्य कीर्तीने, पैशाने आणि लोकप्रियतेने गुरूहून मोठा असला की आरसा धरणाऱ्याचा हात थरथरू शकतो. कुंबळे यांनी आरसा खाली ठेवण्याऐवजी पद खाली ठेवले. हे गुरुपदाला साजेसे होते.

गुरूच शिष्यांना सोडून नव्या कामाला लागतो, त्या बाजूची चर्चा फारशी होत नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून गावच्या संघांना वर्षानुवर्षे शिकवलेल्या जाणकारांनाही व्यावसायिक संघांची दारे उघडली. त्यांनी तिकडे जाण्यात वावगे काही नाही. विद्येचा योग्य मोबदला मिळणे हाही न्यायच आहे. पण मोसमाच्या मध्यावर, पुढच्या माणसाला काहीही न सांगता निघून जाणारा प्रशिक्षक शिष्यांना अर्ध्या विद्येवर सोडतो. समावर्तनाची रीत इथे गुरूलाही लागू केली पाहिजे: अंगीकारलेला टप्पा पुरा करावा, प्रत्येक शिष्याची स्थिती नव्या गुरूला समजावून द्यावी आणि निरोप घेऊन निघावे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत निरोपाच्या वेळी आचार्य शिष्याला सांगतो की आमचे जे चांगले वर्तन असेल तेवढेच घे, इतर नको. आपल्या दोषांपासून शिष्याला मोकळे करणारा हा निरोप जगाच्या शिक्षणविचारात क्वचितच सापडेल.

श्रेय वाटून घेण्याचा प्रश्नही याच निरोपाला जोडलेला आहे. राहुल द्रविड यांच्या हाताखाली भारताने २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. तेव्हा मंडळाने त्यांना ५० लाख आणि इतर सहायकांना प्रत्येकी २० लाख रुपये जाहीर केले. द्रविड यांनी हा भेद नाकारला आणि अखेर सर्वांना, त्यांच्यासह, सारखेच २५ लाख मिळाले. पाच कारणांचा सिद्धांत प्रत्यक्षात उतरवायचा तर तो असाच उतरतो.

शिष्याचे ऋण कसे फिटते, या मूळ प्रश्नाचे उत्तर तैत्तिरीय संहितेतल्या ऋणकल्पनेत आहे. ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे ती म्हणते. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे प्रजेने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. ऋषीकडे परत जाऊन काही देण्याची यात सोयच नाही. ऋषी केव्हाच गेलेले असतात. विद्या पुढे चालवली की ऋण फिटते. हे मान्य केले तर गुरूपाशी राहणे किंवा न राहणे हा ऋणफेडीचा निकष उरत नाही. शिष्य पुढे कोणाला, कसे शिकवतो हा निकष ठरतो.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा शारदाश्रमचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला होता. तो अमोल मुझुमदार. पुढे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा करूनही त्याला भारताकडून एकदाही खेळायला मिळाले नाही. या तिघांचे गुरू आचरेकर यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपला पहिला एकदिवसीय विश्वचषक जिंकला.